दाराआडची इंग्रजी

तुझ्याशी मराठीत बोलायचं तर सुरुवात कशी करायची, हेच मला ठाऊक नाही. इतकी वर्षं एका घरात राहिलो, एका चुलीवरचं जेवलो, भांडभांड भांडलो, आणि मराठीतला एक शब्द मी तुझ्याशी बोललो नाही. तूही नाही. आता तू गेलीस आणि मी ओसरीवर कागद घेऊन बसलो आहे. बसलो म्हणणंही खरं नाही. दोन ओळी लिहितो, उठतो, विहिरीपर्यंत जातो, परत येतो. मघाशी तुझी जाऊ, माझी बायको, म्हणाली, "एका जागी बसा ना. कायले चकरा मारून राह्यले?" मी तिच्यावर खेकसलो. माझा स्वभाव तुला माहीत आहे. तू गेल्यानं तो काही सुधारलेला नाही.

मी तुझा भासरा. तुझ्या नवऱ्याचा, गणपतचा, थोरला भाऊ. आपल्या जऊळक्यात आणि आसपासच्या साऱ्या गावांत भासऱ्यानं धाकट्या भावजयीशी बोलायचं नाही, तिच्याकडं बघायचं नाही, तिचं नाव तोंडातून काढायचं नाही. तिनं त्याच्यासमोर डोईवरून पदर ओढायचा आणि आवाज ऐकू द्यायचा नाही. हे कुणी ठरवलं ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि पाळत मात्र सगळेच होते. मीही पाळत होतो. मला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं, हे आज खोटं कशाला सांगू.

तुझं लग्नानंतरचं नाव मी सुचवलं होतं, हे तुला कधी कळलं का? गणपतला तांदळात अंगठीनं नाव लिहायचं होतं आणि त्याला अक्षरं धड येत नव्हती. आदल्या दिवशी मी त्याला मांडवाच्या मागं नेलं, एक नाव सांगितलं आणि धुळीत बोटानं काढून दाखवलं. त्यानं ते पुन्हा पुन्हा गिरवलं. ताटातल्या तांदळात एक काना तिरका गेला म्हणून बायका हसल्या. त्यानंतर ते नाव माझ्या जिभेवर आलं नाही. घरात तू 'धाकटी' होतीस, मग 'गणपतची' झालीस, मग 'लीलाची माय'.

तू मेडशीहून आलीस तेव्हा मी मॅट्रिकला इंग्रजीत आपटून परत शेतीला लागलो होतो. गावात कुणाची तार आली की ती वाचायला मला बोलवत. माझ्यापेक्षा जास्त इंग्रजी फक्त स्टेशनमास्तरला येत होतं. पण परीक्षेतलं ते अपयश मला टोचत होतं, आणि म्हणून दुपारी मी ओसरीत बाजेवर पडून शाळेतलं जुनं इंग्रजीचं पुस्तक मोठ्यानं वाचायचो. द सन इज अप, सूर्य वर आला. द बॉय गेट्स अप, मुलगा उठतो. कुणी ऐकावं म्हणून नाही. माझ्याच कानांना पटवून द्यायला, की मला येतं. आत माजघरात तू जात्यावर असायचीस, हे मी कधी ध्यानातच घेतलं नाही.

आणि मग ती धामण. माय शेजारी गेली होती, गणपत वावरात, तुझी जाऊ माहेरी. मी बाजेवर पडलो होतो. दारामागं तुझ्या बांगड्या वाजल्या. आता बांगड्या वाजल्या म्हणजे काय, हे मला माहीत होतं. धाकटीला ओसरीतून जायचं आहे, तेव्हा आपण तोंड फिरवायचं. मी शहाण्यासारखं तोंड भिंतीकडं केलं. पुन्हा बांगड्या वाजल्या. मी आणखी भिंतीला चिकटलो. मग तू आतला पितळेचा गडवा फरशीवर आपटलास. मला राग आला, की जायचं तर जा ना बाई, किती वेळ मी भिंत बघू. तुला ओरडता येत नव्हतं. माझ्या डोक्यावर आढ्याला धामण लोंबत होती, आणि मी रीत पाळत होतो, तूही रीत पाळत होतीस. अशी चूक जगात दुसऱ्या कुठल्या मुलखात होत असेल असं मला वाटत नाही.

तेव्हा तू बोललीस. "अप."

एवढंच. बारीक, घाबरलेला, पण स्पष्ट आवाज. मी वर बघितलं आणि बाजेसकट उडालो. धामण बिनविषारी, पण ते नंतर. त्या क्षणी मी अंगणात होतो आणि एक पायताण ओसरीत होतं.

संध्याकाळी मायनं पंचायत भरवली. सून भासऱ्याशी बोलली की नाही बोलली? गणपत खाली मान घालून बसला होता. तू दाराआड. मी सांगितलं की ती एकच शब्द बोलली आणि तोही इंग्रजी. मायनं बराच वेळ तंबाखू मळली. मग म्हणाली, "इंग्रजी काय बोलनं असते काय? बैलाले हाकतो आपण, तसं ते. धाकटी बोलली नाही." आणि विषय संपला. मायचा निवाडा म्हणजे घरात कोर्टाच्या वरचा. तिला काय ठाऊक, की तिनं त्या दिवशी केवढं दार उघडून ठेवलं.

कारण दुसऱ्याच दिवशी, मी दुपारी घरात शिरत होतो तर दारामागून आवाज आला, "मदर अप." म्हणजे माय जागी आहे, पायताणं वाजवू नका, परवाच्या बियाण्यावरून ती तुमच्यावर चिडलेली आहे. हे सगळं त्या दोन शब्दांत होतं आणि मला ते बरोबर कळलं. मी मागल्या पावली गोठ्यात गेलो. तिथं उभा राहून मी हसत होतो. असं मी फार दिवसांत हसलो नव्हतो.

तुझ्याकडं तेव्हा तो एकच शब्द होता आणि तू त्याला घरातल्या सगळ्या कामांना जुंपलंस. दूध उतू गेलं की मिल्क अप. कंदिलाची वात वाढवायची की लॅम्प अप. कापसाची गाडी दारात आली की कॉटन अप. लीला झाल्यावर ती पाळण्यात चुळबुळायला लागली की बेबी अप, म्हणजे ओसरीवरचा आवाज कमी करा. मी चिडायचो. हे इंग्रजी नाही, असं मी पुस्तक आपटून सांगायचो, अर्थात इंग्रजीतच, नाहीतर भिंतीला. मग मी तुला नीट शिकवायला लागलो. शिकवायला म्हणजे, मी ओसरीत मोठ्यानं वाचायचं आणि तू आत तूर निवडत ऐकायचं. मधे मायची बाज. मायला आपण काय करतो ते कळत होतं. तिनं कधी अडवलं नाही. उलट शेवटी शेवटी ती अंथरुणाला खिळली तेव्हा तूच तिला उठवून बसवायचीस, आणि ती म्हणायची, "धाकटे, मले अप कर." आठवतं?

नीट शिकवायला लागल्यावर खरी पंचाईत माझीच झाली. गेट अप म्हणजे उठ, ठीक. स्टँड अप म्हणजे उभा राहा, ठीक. पण ईट अप? ड्रिंक अप? लॉक अप, टाय अप, वॉश अप, हरी अप? तिथं वर काय जातं? शाळेत आम्हाला एक शब्द, एक अर्थ असं घोकायला लावलेलं. अप म्हणजे वर. मास्तरांनी छडी मारून पक्कं केलेलं. मी त्यावर अडून बसलो. तू मात्र एक दिवस तुरीचं सूप खाली ठेवलंस आणि मायला म्हणालीस, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "आत्याबाई, तुमच्या मोठ्या लेकाले सांगा, ह्या अपचा वरखाली काही संबंध नाही. ईट अप म्हंजे खाऊन टाक. लॉक अप म्हंजे कुलूप लावून टाक. टाय अप म्हंजे बांधून टाक. आपण 'टाक' म्हनतो तसं ते."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हणालो, भिंतीला, की मग द सन इज अप म्हणजे काय, सूर्य उगवून टाक? दुसऱ्या दिवशी सकाळी मायकरवी उत्तर आलं की तो इंग्रजांचा सूर्य आहे, त्याचं त्यांनाच माहीत.

हे भांडण आपण वर्षानुवर्षं ओढलं. तू म्हणायचीस टाक, मी म्हणायचो वर. मी शोधून शोधून शब्द आणायचो. ग्रो अप घे, म्हणायचो, माणूस उंच होतो, वर जातो. तू म्हणायचीस, नो, वाढून पुरा होतो. मग तू रेल्वेच्या विषयावर आलीस. जऊळक्याहून अकोल्याला जायचं म्हणजे घाट उतरून खाली पायनघाटात जायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आपण म्हणतोही 'खाली अकोल्याले'. आणि त्याच गाडीला स्टेशनवर अप गाडी म्हणतात. खाली जाणारी गाडी अप कशी, असं तू विचारलंस. मी थेट स्टेशनमास्तरकडं गेलो. तो परप्रांताचा माणूस, डबीतली तपकीर ओढत म्हणाला, "इट इज द कस्टम." रिवाज आहे. मी घरी येऊन मोठ्या ऐटीत तेच सांगितलं. दाराआडून पहिल्यांदा तुझं मोठं हसू ऐकू आलं. रिवाज आहे, म्हणजे पुढं विचारू नका. आपल्या दोघांना ते उत्तर चांगलंच ओळखीचं होतं.

आता इथं उठलो होतो. लीला विहिरीवर दोरानं हात सोलून आली, तिला तेल लावलं. तुझ्यासारखीच आहे, दुखलं तरी सांगत नाही. तेल लावताना मी तिला रागावलो. का रागावलो ते मलाही कळलं नाही.

माय गेली. त्यानंतर एकदा जेवताना गणपत म्हणाला, "दादा, आता माय नाही. तुमी दोघं सरळ बोलत जा ना. किती दिवस हे इंग्रजीचं सोंग?" मी मान डोलावली. आत तूही ऐकत होतीस. दुसऱ्या दिवशी दारामागून आवाज आला, "टी अप." आणि मी म्हणालो, "थँक्यू." सोंग तसंच चालू राहिलं.

तुझी जाऊ म्हणते की तुम्हा दोघांना लाज वाटली. लाज नव्हती. मी खूप विचार केला आहे ह्यावर, ह्या चकरा मारताना. मराठीत तू बोलली असतीस तर मला काय म्हणाली असतीस? हो जी. नाही जी. तुमी म्हनाल तसं. घरातली सगळ्यात धाकटी सून घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाशी मराठीत दुसरं काय बोलू शकते? इंग्रजीत मात्र तू मला बेधडक यू म्हणायचीस. "यू राँग." असं मला ह्या घरात कुणी म्हटलं नाही. गणपत नाही, तुझी जाऊ नाही, वडीलही नाहीत. ते ऐकायला मी दुपारी लवकर घरी येत होतो. आता सांगून टाकतो. 'टाक' बघ, आलाच शेवटी.

आणि मेक अप. तो शब्द मीच पुस्तकातून दिला होता, की भांडण झाल्यावर पुन्हा जुळवून घेणं म्हणजे मेक अप. तुला तो फार आवडला. आपलं कडाक्याचं वाजलं की दुसऱ्या दिवशी ताकाचा पेला उंबऱ्यावर ठेवला जायचा आणि आतून आवाज, "मेक अप." मी ताक प्यायचो. झालं, मिटलं. माझ्या नापास इंग्रजीला तू असं कामाला लावलंस. त्यासाठी मी तुझे आभार कधी मानले नाहीत. थँक्यू तर चहालाही म्हणायचो.

आता लीलाचं. टाळत होतो, पण त्यासाठीच तर बसलो आहे.

लीला गावातली शाळा संपवून बसली. मास्तर म्हणाले पोरगी हुशार आहे, पुढं शिकवा. पुढं म्हणजे अकोल्याला, मुलींच्या वसतिगृहात, कारण वाशीमला आपल्या ओळखीत तिला ठेवण्यासारखं घर नव्हतं. त्याच सुमारास मेडशीकडचं ठिकाण आलं. चांगली ओलिताची जमीन, मुलगा समजूतदार, माणसं साधी. तुझ्याच माहेरच्या बाजूचं. गणपतला विचारलं तर त्याचं ठरलेलं, दादा म्हणतील तसं. मी त्या लोकांना जवळजवळ हो म्हटलं होतं. ते मला आजही वाईट ठिकाण वाटत नाही. हे लिहून ठेवतो, कारण तू नाहीस म्हणून मी तुझ्यापुढं लगेच शरण आलो असं तुला वाटायला नको.

तू दारामागून म्हणालीस, "लीला नॉट अप."

मी म्हणालो, "अप इनफ."

"नो. स्कूल. अकोला."

मी म्हणालो, वसतिगृहात कोण बघणार, आजारी पडली तर काय, गावात काय म्हणतील. हे सगळं मी तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणालो आणि मग वैतागून म्हणालो, "गिव्ह अप."

"यू गिव्ह अप," तू म्हणालीस, आणि आत काहीतरी धाडकन आपटलं.

त्यानंतर तू बोलली नाहीस. उंबऱ्यावर ताकाचा पेला आला, तो मी बघितला. पण शब्द आला नाही. मी पेला हातात धरून किती वेळ उभा होतो. ताक प्यायलो. आंबट लागलं. असं आपल्या सगळ्या वर्षांत कधी झालं नव्हतं की ताक आलं आणि मेक अप आलं नाही. मला वाटलं, राहू दे. उद्या बोलेल. मीही हट्टी आहे.

मग तुला ताप भरला. मुदतीचा ताप निघाला. वाशीमहून डॉक्टर आणला, औषधं झाली, बर्फासाठी माणूस पाठवला, बर्फ निम्मा वितळून आला. सगळी बाजेभोवती आत होती आणि मी बाहेर, चौकटीला टेकून. आत जायचं नाही. तुला तेव्हाही भासरा दारातच. डॉक्टर, परका माणूस, आत जाऊन तुझी नाडी बघत होता आणि मी, ज्याच्याशी तू रोज भांडायचीस, तो उंबऱ्याबाहेर. मी रागानं चौकटीवर मूठ आपटली तर गणपत बाहेर येऊन म्हणाला, "दादा, आवाज नको." त्यानं बरोबरच म्हटलं.

एका दुपारी गणपतला डोळा लागला होता. तुझी जाऊ चुलीशी. मी खोकलो. तुला तो खोकला ओळखू आला.

"यू?" तू विचारलंस. आवाज आवाजासारखा नव्हता.

"आय," मी म्हणालो.

मग, "लीला?"

तू पुन्हा तेच विचारत होतीस. अंगात तेवढा ताप घेऊन तू भांडण सोडलं नव्हतंस. आणि मला वाटलं की मी फार हुशार आहे. मी सौदा केला. "फर्स्ट यू गेट अप," मी म्हणालो. "देन लीला. अकोला." म्हणजे तू बरी होऊन उठ, मग लीला अकोल्याला जाईल. मला वाटलं ह्या आशेनं तू उठशील. हट्टानं उठशील. बैलाला पुढं कडबा दाखवतात तसं मी केलं.

"ऑल राइट," तू म्हणालीस.

तू उठली नाहीस.

आता सांग, मी काय करायचं? तू अट कबूल केलीस आणि पाळली नाहीस. ओसरीत येऊन भांडायला तू नाहीस. तू गेल्यापासून मी स्वतःला सांगून पाहिलं की अट तुझ्याकडून मोडली, म्हणजे मी मोकळा. मग वाटलं की अट घालणाराच चुकीचा असेल तर अट कसली. मग वाटलं, आधीच 'हो' म्हणून टाकलं असतं तर? नुसतं 'येस'. एवढा लहान शब्द मला येत होता. मग पुन्हा तुझ्यावरच चिडलो, की असं भांडण मधेच टाकून जातात का कुणी. विहिरीपर्यंत आणि परत. तुझ्या जावेनं शेवटी बोलणंच सोडलं.

तेरवीला मेडशीकडची माणसं आली. जेवणं झाली, पानं झाली, आणि त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यानं हळूच विषय काढला की वर्षाच्या आत उरकलं तर बरं, आईच्या मागं पोरीला घर मिळेल. बोलायला वाईट नव्हता माणूस. गणपतनं माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आणि मी तुझंच इंग्रजी वाक्य मराठीत सांगितलं. म्हणालो, पोरगी अजून मोठी झालेली नाही. ती पुढं शिकणार आहे. त्या माणसानं विचारलं, मागं तर तुम्ही हो म्हणत होता. मी म्हणालो, तेव्हा घरात बोलणं पुरं झालं नव्हतं. गणपत उठून आत गेला. मागून मला त्याचं रडणं ऐकू आलं. तोपर्यंत तो रडला नव्हता.

इथवर लिहिलं तेव्हा लीला घरी होती, पुढचं तिला अकोल्याला पोचवून आल्यावर लिहितो आहे. शाळा उघडायच्या आधी मी तिला घेऊन निघालो. गणपतला आपल्यानं होणार नाही असं वाटलं, तो स्टेशनपर्यंत आला आणि सामान चढवून नुसता उभा राहिला. तुझी निळी सतरंजी लीलाच्या वळकटीत आहे. तुझ्या जावेनं बांधून दिली, गाठी इतक्या घट्ट की अकोल्याला सुटता सुटेनात. गाडी घाटाला लागली. लीला खिडकीशी. दऱ्या, पळसाची झाडं, बोगद्याचा अंधार, सगळं तोंड उघडं टाकून बघत होती. मग एकदम माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "मोठे बाबा, गाडी घाट उतरून राह्यली. मंग हिले अप काहून म्हनतात?"

मी म्हणालो, रिवाज आहे. ती हसली. अगदी तसंच हसली. डब्यात समोर बसलेल्या बाईनं बघितलं की हा म्हातारा डोळे का पुसतो आहे. मी म्हणालो, कोळशाचा कण गेला.

वसतिगृहाच्या बाई चांगल्या वाटल्या. पांढरं लुगडं, डोळ्यांवर चष्मा, आवाज मऊ पण ठाम. त्यांनी लीलाला समोर बसवलं, काय वाचतेस, काय आवडतं ते विचारलं. मग माझ्याकडं वळल्या. वडिलांचं नाव, गाव, शेती. मी भराभर सांगत होतो. मग त्या म्हणाल्या की पोरीची आई नुकतीच गेली असं मास्तरांनी कळवलं आहे, फार वाईट झालं. आणि विचारलं, "आईचं नाव काय हो?"

मी लीलाकडं बघितलं. ती सांगेल असं वाटलं. ती खाली मान घालून सतरंजीच्या गाठीशी चाळा करत होती. मी म्हणालो, आमच्या गणपतची. बाई थांबल्या. मी म्हणालो, लीलाची माय. बाई पुन्हा थांबल्या. त्यांना वाटलं असेल की ह्या खेडुताला ऐकू कमी येतं. अख्खं गाव पाठीमागं उभं आहे असं वाटलं, माय तंबाखू मळते आहे, आणि मी भिंतीकडं तोंड करून पडलो आहे, आणि तू बांगड्या वाजवते आहेस.

मग मी नाव घेतलं. एकदाच. वाटलं होतं तेवढा मोठा आवाज झाला नाही. छतबीत काही कोसळलं नाही. बाई नुसत्या म्हणाल्या, "सुंदर नाव आहे."

लीलानं मात्र झटकन वर बघितलं. तिनं तिच्या सगळ्या आयुष्यात माझ्या तोंडून ते ऐकलं नव्हतं. डोळे भरलेले, आणि त्यात नवल मावत नव्हतं.

"मोठे बाबा," ती म्हणाली, "तुमाले मायचं नाव माईत होतं?"

माहीत होतं, द्वारका.